बाहेरवासाचा तंबू

आमच्या काटेपिंपरीत एक जुनी चाल आहे. काही वर्षांतून एकदा, पौष महिन्यात, पंच मंडळी देवीच्या पारावर बसून ठरवतात आणि मग सगळं गाव दारांना कड्या घालून शेतात राहायला जातं. तीन रात्री. म्हातारीकोतारी, बाळंतिणी, आजारी, गुरंढोरं, कोंबड्या, सगळे. गावात ना माणूस राहतो ना धूर निघतो. कोणे एके काळी पटकीनं गाव धुऊन नेलं, तेव्हा जे शेतात पळाले ते वाचले, आणि तेव्हापासून देवीला दिलेला हा शब्द आहे म्हणतात. याला आमच्याकडे बाहेरवास म्हणतात. घनसावंगीच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू द्या.

नियम दोनच, पण कडक. कुणी मागं राहायचं नाही, हा एक. दुसरा, एक चूल तिथं एक छत. ज्यांची भाकरी एका तव्यावर, त्यांनी एकाच छताखाली निजायचं; मग ती कडब्याची कोपी असो की बैलगाडीवरून टाकलेली ताडपत्री. घर दोन छतांखाली निजलं तर त्यातलं एक छत देवी उचलते, असं माझी आई गिरिजाबाई सांगायची. आई असलं काही सांगायची ना, की लहानपणी मी आणि देवानंददादा झोपेतसुद्धा एकमेकांचा हात सोडत नसू.

बहात्तरच्या दुष्काळात बाहेरवास झालाच नव्हता. सगळं गावच खडी फोडायला बाहेर होतं, देवी बोलावणार कुणाला. त्यानंतर पाऊस बरा झाला, ज्वारी डोक्याच्या वर गेली, आणि पंचांनी यंदा बाहेर निघायचं ठरवलं. पंचांतले एक आमचे बापू, तातेराव. म्हणजे आमच्या घराला सूट मागायची सोयच नव्हती.

आणि सूट तर हवी होती. कांतावहिनीला महिन्याभरापूर्वी मुलगा झाला होता, दिवस भरायच्या आधीच. माझ्या एका ओंजळीत मावेल एवढा. जन्मला तेव्हा रडला नाही. साळूबाई सुईणीनं त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं, काही नाही. मग तिनं वहिनीच्या कुंकवाच्या करंड्यातला आरसा उपसून काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. आरसा रुपयाएवढा. मी चिमणी घेऊन वाकले होते. बराच वेळ आरसा लखलखीतच होता, आणि मग त्याच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढं धुकं धरलं.

"हाये," साळूबाई म्हणाली, "जित्तं हाये."

तो आरसा वहिनीनं पुन्हा करंड्यात ठेवलाच नाही. तिची आधीची दोन लेकरं अशीच गेली होती. रात्री दूध पिऊन निजली ती सकाळी उठली नाहीत, ताप नाही, उलटी नाही, रडणं नाही. त्यामुळं या वेळी वहिनी रात्रभर चिमणीच्या उजेडात बसून राही आणि घटकाघटकानं तो आरसा पोराच्या नाकासमोर धरी. धुकं धरलं की पदरानं पुसायची, पुन्हा धरायची. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. कपाळ रिकामं असायचं, कारण कुंकू लावायचा आरसा या कामाला लागला होता. दादा म्हणे, मी बसतो, तू नीज. ती मान हलवायची आणि बसून राहायची.

पोराचं बारसंही झालं नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, बेबीनंदाचा. मी तेव्हा सातवी पास, लग्नाला आलेली आणि तोंडाची फटकळ. बापूंचं म्हणणं होतं की पोराला उकिरड्यावर ठेवून उचलावं आणि कचरू म्हणावं. असलं नाव असलं की नजर लागत नाही, नेणाऱ्याला वाटतं हे टाकलेलंच आहे. मी वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "अजून न्हाई वन्सं. मागच्या दोघांची नावं अजून तोंडात येतात."

मी फटकळ खरी, पण नावाचा विषय मी तिथंच सोडला.

घनसावंगीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं की याला तीन गोष्टींपासून जपा: वारा, धूर आणि ओल. छाती कच्ची आहे, यातलं काहीही लागलं तर पोर हाताला लागणार नाही. आता पौषातल्या तीन रात्री उघड्या माळावर, आणि वर कडब्याची कोपी, जिच्यातून वारा शीळ घालत जातो. दादानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, "कोपी न्हाई. तंबू घेऊ."

आमच्या गावात तंबू कुणाच्या बापजन्मी नव्हता. तरी बापू नाही म्हणाले नाहीत, यावरून ते किती घाबरले होते ते मला कळलं.

दादा आणि मी एस.टी.नं जालन्याला गेलो. मोंढ्याजवळ हमीदभाईंचं ताडपत्रीचं दुकान होतं. कापूस झाकायच्या ताडपत्र्या आमच्या घरी वर्षानुवर्षं तिथूनच यायच्या. दादानं त्यांना सगळं सांगितलं, पोराचंही. हमीदभाईंनी दाढी कुरवाळत सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मग म्हणाले, "देवानंदराव, दोन चीजा हायेत माझ्याकडं. एक मला बराबर म्हाईत हाये. दुसरीचं मलाबी बिलकुल म्हाईत न्हाई."

त्यांना माहीत असलेला तंबू दोन हमालांनी ओढत आणला. जाड सुती कॅनव्हास, मातकट रंगाचा. कालव्याच्या मोजणीवर आलेल्या साहेबलोकांसाठी शिवला होता, तो शिल्लक राहिला होता. उलगडला तेव्हा मेणाचा आणि सुतळीचा वास आला. दादानं कोपरा हातात घेऊन चोळला, वजन पाहिलं, शिवण ओढून पाहिली, बैल पाहावा तसा.

"हे कापड पाण्यानं शहाणं होतं," हमीदभाई म्हणाले. "पयल्यांदा भिजवा. भिजलं की धागा फुगतो, सगळी भोकं बंद. मंग वरून किती बी पानी पडू द्या. फकत आतून बोट लावायचं न्हाई. जिथं बोट लागलं तिथून टपकायला लागतं."

"आणि वारा?" मी विचारलं.

"थोडा येनार. कापूस हाये ना बेटी. कापूस दम घेतो."

दुसरा तंबू त्यांनी स्वतः आणला, एका काखेत. उशीच्या अभ्र्याएवढी पिशवी होती. मला वाटलं ही नुसती दोरांची पिशवी, तंबू मागून येईल. हमीदभाईंनी पिशवीचं तोंड सैल केलं आणि आतून नारिंगी कापड निघायला लागलं. ते निघतच राहिलं. दुकानाची गादी झाकली, मोजपट्टी झाकली, माझे पाय झाकले, दुकानाच्या पायरीवरून खाली रस्त्यावर गेलं, तरी पिशवीत अजून होतंच. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. मी ते हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना.

"वेरूळला गोरी मानसं येतात ना, हिप्पी," हमीदभाई म्हणाले. "नवरा, बायको, दोन लेकरं. पैसे संपले, मंग इकून गेले. अख्खं घर राहतं म्हणाले यात. नायलॉन हाये. बघा."

त्यांनी तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. पाणी कापडाला शिवलंच नाही. गोळ्या झाल्या, घरंगळल्या आणि रस्त्यावर गेल्या, आणि कापड जिथल्या तिथं कोरडं.

"कशाचं इणलंय हे?" मी विचारलं.

"तेलापासून करतात म्हने. कारखान्यात."

आमच्या घरी कापूस पिकतो. बोंड फुटतं, वेचून आणतो, जिनात जातो, सूत होतं, कापड होतं. कापड म्हटलं की त्याच्या मागं कुठंतरी शेत आहे, बाईचे रक्ताळलेले हात आहेत, हे मला न सांगता ठाऊक होतं. या कापडानं शेत पाहिलंच नव्हतं. त्याला ना वास, ना कुस, ना वजन. मी ते तोंडावर धरलं आणि सगळा मोंढा, हमाल, पोती, घोड्याचे टांगे, नारिंगी दिसायला लागला. मी किती वेळ तशी उभी होते कुणास ठाऊक. दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली.

तिथून आमचं भांडण सुरू झालं. दादा म्हणे कॅनव्हास, चार पिढ्यांनी वापरलेलं सुती कापड आहे. मी म्हणे नायलॉन, वारा आत येणार नाही. दादा म्हणे, तेलाचं कापड, ठिणगी उडाली तर. मी म्हणे, तुझं पोर बाहेर आणि चूल आत ठेवणार आहेस का. हमीदभाईंनी दोघांना चहा प्यायला लावला आणि म्हणाले, "दोनो ले जाव. ज्याच्या लेकराचा सवाल हाये, तिला इचारा. नको ते वापस करा."

निघायच्या दिवशी दुपार कलताना गाव बाहेर पडलं. पुढं देवीची पालखी, मागं गाड्या, गाड्यांमागं गुरं, गुरांमागं बायका डोक्यावर हांडे घेऊन. वहिनीनं पोराला पदराखाली छातीशी बांधलं होतं आणि ती मधून चालत होती, म्हणजे वारा दोन्हीकडून माणसांना लागावा. ओढ्याच्या पलीकडं चढावर आल्यावर मी मागं वळून पाहिलं. संध्याकाळची वेळ, आणि एकाही घरावर धूर नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. देवळावरचे पारवे तेवढे होते, तेही आम्ही गेलो म्हणून की काय, खाली उतरून भर रस्त्यात चालत होते. मी रोज ज्या गावात शेण थापते तेच हे गाव, पण असं उघडं पडलेलं पाहून मला हात जोडावेसे वाटले. मी जोडले. आईनंही जोडले होते.

आमच्या शेतात दादानं दोन्ही तंबू शेजारी शेजारी उभे केले. कॅनव्हासच्या मेखा ठोकायला बापू आणि दादा दोघं लागले, तणावे ओढताना दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. नायलॉनला पोकळ नळ्या होत्या, एकीत एक घातल्या की काठी व्हायची. चार ओढीत तो उभा राहिला. दाराला चेन होती, खालपासून वरपर्यंत. शेजारच्या शेतातून माणसं पाहायला आली. म्हातारे दाराची चेन वरखाली करून पाहत होते आणि एकमेकांकडं बघत होते. कुणी हसत नव्हतं. उन्हं कलंडली आणि तो तंबू आतून दिवा लावल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा दोन-चार बायकांनी तर कपाळाला हात लावून नमस्कार केला.

बापू म्हणाले, "एक छत. ठरवा आता, दिस जाऊन राह्यला."

सगळ्यांनी वहिनीकडं पाहिलं. तिला आजवर या घरात कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. तिनं पोराला माझ्याकडं दिलं, निरांजन पेटवलं, आणि ते हातात घेऊन आधी कॅनव्हासमध्ये गेली. दार बंद करायला लावलं. मी फटीतून पाहत होते. ज्योत एका अंगाला लवली, सरळ झाली, पुन्हा लवली. मग ती नायलॉनमध्ये गेली, मधोमध उभी राहिली, कापडापासून निरांजन दूर धरून. दादानं चेन लावली. पातळ कापडातून बाहेर दिसणारी ज्योत चित्रातल्यासारखी उभी राहिली.

"हा," वहिनी म्हणाली.

दादानं तोंड वाकडं केलं, पण ज्योत त्यानंही पाहिली होती. बापू वाकून आत शिरले आणि डोक्यावरचं मुंडासं कापडाला घासलं म्हणून पुटपुटले. आईनं गोधड्या अंथरल्या. चूल बाहेर, लांब. धूर आमच्या उलट बाजूला जाईल अशी.

रात्री आम्ही ओळीनं निजलो. एका कडेला बापू, मग दादा, आई, मी, वहिनी, आणि वहिनीच्या पलीकडं, तिच्या आणि कापडाच्या मध्ये, पोर. एरवी भिंतीकडं लेकरू कुणी घेत नाही, भिंतीतून गारवा येतो. पण इथं वारा येतच नव्हता. बाहेर ज्वारी सळसळत होती, आणि आमच्या अंगावरचा केससुद्धा हलत नव्हता. तेलाच्या कापडाजवळ दिवा नको म्हणून चिमणी बाहेर ठेवली होती. म्हणजे आरशात पाहायला उजेड नव्हता. वहिनीनं मग आरसा उशाखाली ठेवला आणि तळहात पोराच्या छातीवर ठेवला. "मी जागीच हाये वन्सं, तुम्ही निजा," असं ती म्हणाली ते मला आठवतं. पुढचं आठवत नाही.

गालावर थंड थेंब पडला तेव्हा मी जागी झाले. नुकतं उजाडत होतं. आणखी एक पडला, कानाजवळ. मी वर पाहिलं.

सगळं छत थेंबांनी भरलं होतं. मोठे, गोल, एकाला एक लागून, वरच्या टोकापासून खाली गोधडीपर्यंत. बाहेरून उजेड यायला लागला होता आणि प्रत्येक थेंबात थोडा थोडा नारिंगी उजेड उतरत होता. काही थेंब एकमेकांत मिसळून सुर्रकन खाली ओघळत. मला वाटलं मी अजून झोपेत आहे.

बापूही उठून बसले होते. त्यांनी हात वर नेऊन कापडाला लावला, ओला हात पाहिला, चेन काढून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पाऊस न्हाई," ते म्हणाले. "आभाळ साफ हाये. बाहेरून दहिवर हाये, ते समदीकडंच हाये. पण आतून कुठून आलं?"

हमीदभाईंनी आमच्या डोळ्यांसमोर त्यावर तांब्याभर पाणी ओतलं होतं, एक थेंब आरपार गेला नव्हता.

आई हळूच म्हणाली, "घामेजलीय."

तिला काय म्हणायचं ते आम्हाला सगळ्यांना कळलं. देवीच्या दगडी मुखावर कधी आपोआप पाणी सुटतं, त्याला आमच्यात देवी घामेजली म्हणतात. पटकी आली त्याच्या आदल्या दिवशी ती घामेजली होती असं जुनी माणसं सांगत. देवी घामेजली म्हणजे ज्या छताखाली तिला घाम फुटला त्या छताखालचं कुणीतरी जाणार.

तोवर आम्ही एकही जण वहिनीकडं वळलो नव्हतो. आता वळलो.

ती उठून बसली होती, आमच्याकडं पाठ करून. खांदे ताठ. तिला झोप लागली होती. महिन्याभरात पहिल्यांदा ती रात्रभर निजली होती, आणि जागी होऊन तिनं सासूचा तो शब्द ऐकला होता. तिचा हात पोराच्या छातीवर नव्हता. तो हात तिच्या मांडीवर पडला होता आणि तिला तो उचलता येत नव्हता. मागच्या दोन्ही वेळी तिनं सकाळी हात लावला होता आणि लेकरू थंड लागलं होतं. पोराचा आवाज येत नव्हता. दादा गुडघ्यावर उठला आणि तिथंच थांबला, त्याच्यानंही पुढं जाववेना.

मीच सरकले. रांगत वहिनीच्या खांद्यापाशी गेले आणि तिच्या खांद्यावरून पाहिलं. ती पोराकडं पाहतच नव्हती. ती पोराच्या पलीकडच्या कापडाकडं पाहत होती.

पोर कुशीवर निजलं होतं, तोंड कापडाकडं. कापडावर सगळीकडं मोठे थेंब होते, पण त्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, एक वेगळीच जागा होती. पुरीएवढी गोल. तिथं थेंब नव्हते, नुसतं धुकं होतं, बारीक, पांढुरकं. आम्ही पाहत असतानाच ते धुकं थोडं विरलं, कडेनं आत आत येत गेलं. मग पुन्हा पसरलं. पुन्हा विरलं. पुन्हा पसरलं.

वहिनीनं उशाखाली हात घालून आरसा काढला. मला वाटलं ती तो पोराच्या नाकाशी धरेल. तिनं तो स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि त्यावर हलकीच फुंकर सोडली. आरसा धुरकटला. ती तो आरसा धरून आमच्याकडं वळली, आधी आईला दाखवला, मग बापूंना, मग बोट वर करून छत दाखवलं.

"आत्याबाई, घाम न्हाई," ती आईला म्हणाली. "वाफ हाये. आपलीच."

आई आरशाकडं पाहत राहिली. मग छताकडं. बापूंनी तोंड वर करून कापडाजवळ नेलं आणि जोरात श्वास सोडला, आणि त्यांच्या तोंडासमोर थेंबांच्या मधल्या कोरड्या जागेवर धुकं धरलं, तसंच. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. दादा तर रडतच होता.

मी गोधडीवर उताणी झाले आणि वर पाहत राहिले. माणूस रात्रभर श्वास घेतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तो कुठं जातो याचा विचार मी कधी केला नव्हता. आजवर आमच्या घरात जेवढी माणसं निजली, आजी-आजोबा, वहिनीची ती दोघं लेकरं, त्या सगळ्यांचा श्वास कौलांतून, कुडाच्या फटींतून वाऱ्यावर गेला आणि कुणाला दिसला नाही. या तेलाच्या कापडानं एका रात्रीचा आमचा सगळा श्वास अडवून ठेवला होता आणि सकाळी आम्हाला मोजून दाखवावा तसा समोर मांडला होता. बापूंचा, आईचा, दादाचा, माझा, सगळा मिसळलेला. आणि त्यात त्या ओंजळभर पोराचाही, रात्रभर, एकदाही न थांबता. बाहेर सूर्य वर आला आणि तंबूचं छत असं पेटलं की डोळे मिटावेसे वाटले. मी मिटले नाहीत. इतकं सुंदर काही मी त्यानंतर पाहिलेलं नाही, आणि मी पुढं बरंच काही पाहिलं.

मग एक थेंब पोराच्या कपाळावर पडला आणि तो ओरडला. चांगला खणखणीत.

तेव्हा सगळ्यांना सिस्टर आठवली. गोधड्या दमट झाल्या होत्या. वारा नाही, धूर नाही, पण तिसरी गोष्ट, ओल, ती आम्हीच रात्रभर केली होती. दादा माझ्याकडं पाहून म्हणाला, "बघ. म्हनून मी कॅनव्हास म्हनत व्हतो. कापूस दम घेतो म्हने हमीदभाई, तो दम बाहेर बी सोडत आसंल." मी म्हटलं, "आणि ज्योत लवली त्याचं काय?" भांडण पुन्हा जालन्याच्या दुकानात होतं तिथून सुरू झालं असतं, पण वहिनी पोराला पाजता पाजता म्हणाली, "वर त्यो, वाऱ्याच्या अंगाला ह्यो."

तसंच केलं. नायलॉन उतरवून उन्हात वाळवला. कॅनव्हासच्या आत, वारा येतो त्या बाजूला, तो कंबरेइतक्या उंचीवर पडद्यासारखा बांधला. वरचं छत कापसाचं, श्वास बाहेर जायला. बाजू नायलॉनची, वारा आत न यायला. पंचांपैकी कुणी कुरकुर केली की हे दोन तंबू झाले, तर बापू म्हणाले, "छत एकच हाये. बाकीची भिंत समजा." वहिनीनं पुन्हा निरांजन नेऊन पाहिलं. ज्योत किंचित हलत होती, कुणीतरी बोलताना मान हलवावी तेवढीच.

पुढच्या दोन्ही रात्री गोधड्या कोरड्या राहिल्या. वहिनी दोन्ही रात्री निजली.

पण मला सांगायचं ते त्या पहिल्याच सकाळचं. तंबू बदलून झाल्यावर वहिनी ज्वारीच्या कडेला उन्हात बसली होती, पोर मांडीवर. मला म्हणाली, "वन्सं, नाव ठेवा."

बापू जवळच मेख ठोकत होते. ते म्हणाले, "कचरूच ठेव बेबी. बरं असतंय."

"न्हाई मामंजी," वहिनी म्हणाली. सासऱ्याला तिनं न्हाई म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "लपून ऱ्हायला न्हाई त्यो. समद्या छतावर दिसला. आता मोठं नाव ठेवू."

"कोनतं?" बापूंनी विचारलं.

"सर्जेराव."

बापूंचा हातोडा हातातच राहिला. एवढंसं पोर, ज्याचे पाय अजून माझ्या अंगठ्याएवढे, आणि नाव सर्जेराव. बापू आधी हसले, मग हसता हसता त्यांनी मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले आणि पुन्हा मेख ठोकायला लागले.

पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, शेजारणी नव्हत्या. मी पोराला घेतलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि रीतीप्रमाणं कुर्रर्र करून नाव सांगितलं. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्क्या घालायच्या असतात, त्या आईनं एकटीनं घातल्या आणि बऱ्याच वर्षांचं साठलेलं असल्यासारख्या जोरानं घातल्या. पोरानं माझ्या गालावर श्वास सोडला. आता मला तो ओळखू येत होता.

पाठ चोळत मी वहिनीकडं पाहिलं. तिनं बोचक्यातून करंडा काढला होता. आरसा पदरानं पुसला आणि समोर धरला. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्यात स्वतःचं तोंड पाहत होती. बराच वेळ पाहिलं. मग बोटावर कुंकू घेऊन कपाळाला लावलं, आरसा करंड्यात ठेवला आणि झाकण लावलं.